तिसरा सदस्य

शुक्रवारी दुपारी माझे वडील क्ष-किरण सुरक्षा परीक्षेत शंभरपैकी शंभर गुण मिळवून उत्तीर्ण झाले. ते एकाहत्तर वर्षांचे होते, निवृत्त होते आणि तो त्यांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस होता. निकालपत्रात यातलं काहीच नमूद नव्हतं.

मी प्रथिनांचे स्फटिक वाढवते. मिठाच्या कणाहून लहान असा एक स्फटिक जमायला महिनोन्महिने जातात. मग त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि पलीकडे उमटणाऱ्या ठिपक्यांवरून प्रथिनाची घडण ओळखायची. एवढे प्रखर किरण सिंक्रोट्रॉन नावाच्या अवाढव्य गोल इमारतीतच मिळतात. तिथे आठ तासांची पाळी मिळवण्यासाठी आठ महिने अर्ज करावे लागतात. चमूत किमान तीन सदस्य हवेत, असा नियम आहे: एक स्फटिक हाताळायला, एक संगणकावर आणि तिसरा या दोघांवर लक्ष ठेवायला.

आमच्या चमूत मी होते, माझा सहकारी चिमटा होता (हे नाव त्याने हातातल्या हत्यारावरून कमावलेलं) आणि आमचे मार्गदर्शक होते. मार्गदर्शकांना ऐन वेळी एका परिषदेचं आमंत्रण आलं. भाषणाचा विषय होता, 'संशोधनासाठी वेळ कसा काढावा'. त्यांनी आमच्या पाळीतून नाव मागे घेतलं. दोघांच्या चमूची पाळी रद्द होते आणि पुढची नऊ महिन्यांनी मिळते. माझे स्फटिक नऊ महिने टिकणारे नव्हते.

त्या शुक्रवारी सकाळी बाबा घरी टेबलाच्या पलीकडे बसून माझा अर्ज तपासत होते. ते अडतीस वर्षं कारकून होते, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क. बिनचूक भरलेला फॉर्म पाहिला की त्यांचा चेहरा गाणं ऐकायला बसल्यासारखा व्हायचा.

"तिसरा म्हणून मला घाल," ते म्हणाले.

"बाबा, तिथे विज्ञान असतं."

"ते नियमात कुठे लिहिलंय?"

नियमात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी जेवणानंतर परीक्षा दिली. मी त्याच परीक्षेत दोनदा नापास झाले होते, कारण मी प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचे. बाबा विचारणाऱ्याला हवं ते द्यायचे. मग त्यांनी माझ्या अठ्ठेचाळीस स्फटिकांची यादी सुवाच्य अक्षरात उतरवून काढली आणि सातव्या नि नवव्या स्फटिकाचं नाव एकच आहे, असं दाखवलं. मी म्हटलं, राहू द्या, तुम्हाला त्यातलं कळत नाही. त्यांनी समासात पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह काढलं आणि ते पडायला गेले.

शनिवारी सकाळी फिरायला निघताना, बुटांच्या नाड्या बांधता बांधता ते गेले.

चौथ्या दिवशी मी सिंक्रोट्रॉनच्या सदस्य-नोंदणी कक्षाला फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं की, सदस्यत्व रद्द करण्याचा अर्ज सदस्याने स्वतःच करायचा असतो. मी म्हटलं, सदस्य वारले. त्यांना मनापासून वाईट वाटलं आणि त्यांनी मला अनुपस्थितीचा फॉर्म भरायला सांगितला. त्यात कारणं होती: आजारपण, व्हिसा, इतर. मी 'इतर' निवडलं. पुढचा रकाना होता, 'परत रुजू होण्याची अपेक्षित तारीख'. तो कोरा ठेवता येत नव्हता. बाईंच्या सल्ल्याने मी कॅलेंडरात सापडणारी शेवटची तारीख टाकली, ३१ डिसेंबर २०९९. तीन मिनिटांत उत्तर आलं: इतक्या दीर्घ रजेसाठी विभागप्रमुखांची शिफारस जोडावी. शिवाय आता चमूत दोघेच उरल्याने पाळी रद्द का करू नये, याचा खुलासा करावा. नवा सदस्य घ्यायचा तर परीक्षेची मुदत उलटून गेली होती.

 बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, रागावू नका. ते दुरून सहभागी होऊ शकतील का?"

"किती दुरून?"

"अंतराची मर्यादा नाही. लॉगिन असलं म्हणजे हजर."

बाबांचा पासवर्ड त्यांच्या कपाटात पाकिटात होता, पाकिटावर तारीख आणि सही. पाळीच्या दिवशी पहाटे मी घरच्या संगणकावर त्यांना हजर केलं आणि निघाले.

सकाळी आठला किरण सुरू झाले. द्रव नायट्रोजनच्या वाफांतून यंत्राचा हात एकेक स्फटिक उचलू लागला. पहिले सहा बर्फ चढून वाया गेलेले निघाले. सातव्याला यंत्र थांबलं. पडद्यावर आलं: 'दोन नमुन्यांचं नाव एक. कोणा सदस्याने पूर्वी शंका नोंदवली असल्यास पुरावा जोडा, अन्यथा चौकशी होईपर्यंत काम बंद.' मी बाबांच्या यादीचा फोटो चढवला. पेन्सिलीतलं प्रश्नचिन्ह ग्राह्य धरण्यात आलं. चौकशी टळली.

नवव्या स्फटिकाचे ठिपके पडद्याच्या कडेपर्यंत गेले, म्हणजे प्रथिनाची घडण अगदी बारकाव्यांसह कळणार होती. चिमट्याने टाळी वाजवली. "काकांना सांगायला..." म्हणाला आणि कॉफीला निघून गेला.

दुपारी हजेरीपट आला. चिमटा चार वेळा कॉफीला गेला होता, मी दोन वेळा. तिसऱ्या सदस्याने एकदाही जागा सोडली नव्हती. शेऱ्यात लिहिलं होतं, 'अनुकरणीय'.

तेवढ्यात यंत्रावरचे अधिकारी शेवटचा कागद घेऊन आले. पाळी संपण्यापूर्वी दूरस्थ सदस्याशी एकदा तरी बोलणं बंधनकारक होतं. त्याचं ध्वनिमुद्रण जोडल्याशिवाय मोजणीची माहिती हाती मिळणार नव्हती. "काहीही बोला," ते म्हणाले, "उत्तर आलं नाही तर 'ऐकत आहेत' असं धरतो आम्ही." चिमट्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना पाचव्या कॉफीला नेलं.

इतका मूर्ख नियम मी पाहिला नव्हता. तुमच्या घरी असला नियम नाही, हे तुमचं भाग्य. बाहेरच्या खोलीतून वर्तमानपत्राची सळसळ ऐकू आली की माणूस हजर आहे, असं धरून तुम्हाला पुढच्या कामाला लागता येतं. मीही तशीच लागायचे.

मी बटण दाबलं.

"बाबा, वडील काय करतात असं कोणी विचारलं की मी 'प्रशासनात' म्हणायचे. तुम्ही कारकून होतात. मला लाज वाटायची. बालवाडीच्या प्रवेशापासून आजच्या पाळीपर्यंत माझा एकेक फॉर्म तुम्ही भरलात, मी फक्त खाली सही केली. हे तुमच्यासमोर बोलायला मला बेचाळीस वर्षं मिळाली होती."