भालेराव बसायला शिकला

आमचा शेजारी भालेराव रेडिओशी भांडतो. बातम्या लागल्या की सांगणाऱ्या बाईला उलट विचारतो, "तू गेली होतीस का बघायला?" अंबरपेठेत त्यानं वाद घातला नाही असा भाजीवाला उरला नाही. जन्मभर रेल्वेत तिकिटं तपासली, त्यामुळं समोरचा खोटंच बोलतोय असं धरून चालतो. "पुरावा दाखव," हे त्याचं पालुपद.

हेच घरात नडलं. त्याच्या बायकोला, सुशीलाबाईला, मोठ्या दुखण्यानंतर भिंतीवर माणसं दिसू लागली. ती भिऊन ओरडायची आणि हा भिंत ठोकून दाखवायचा, चुना हाय नुसता, हा बघ पुरावा. शेवटी ती त्याला खोलीतच येऊ देईना. दिसला की हाताला येईल ते फेकायची. स्वतःच्या बायकोजवळ बसायची त्याची सोय राहिली नाही.

मग त्याला कळलं, तारनाक्याला एक डॉक्टरबाई शिकवते. पोरं नशेचा कागद जिभेवर ठेवतात, भलतंसलतं बघून भितात, तेव्हा त्यांच्याजवळ कसं बसायचं ते. म्हाताऱ्या बायकोजवळ बसायचं कुणी शिकवत नव्हतं, म्हणून हा तिथं गेला. मी म्हणलं, हौला झालास का, डोकं फिरलं का? मी चौथीत शाळा सोडली, पिठाची गिरणी चालवून घर बांधलं, मला कुणी बसायला शिकवलं नाही.

पहिल्याच दिवशी नापास झाला. तिथं एकानं भ्यायचं सोंग करायचं, दुसऱ्यानं जवळ बसायचं. सोंगवाला म्हणाला, मी विरघळतोय. हा म्हणाला, "कुठं विरघळतोस? रेड्यावानी तर हायस." बाईनं ह्याला बाजूला घेऊन बजावलं. खरंखोटं करायचं नाही, विचारल्याबिगर जवळ जायचं नाही, घाई नाही, आणि एकटं सोडायचं नाही. मग हा सरावाला माझ्याकडं येऊ लागला. मी कुणापुढं भ्यायचं सोंग करत नसतो. साफ सांगितलं, नक्को.

अशात एका रविवारी दुपारी माझ्या नातीनं, कॉलेजातल्या पल्लवीनं, तसलाच कागद घेतला आणि न्हाणीत जाऊन कडी लावली. भिंती श्वास घ्यायल्यात, माझी कातडी उतरायलीय, असं किंचाळू लागली. मी दार फोडायला पहार आणली. सून पळत जाऊन भालेरावाला घेऊन आली. त्यानं डॉक्टरबाईला फोन लावून सगळं सांगितलं, काय करायचं ते विचारून घेतलं, माझी पहार काढून घेतली आणि ओल्या फरशीवर मांडी घातली.

"पल्लवी, मी भालेराव. दाराबाहेर बसू का?"

"अंकल, मी मरायलेय."

मला वाटलं, आता हा पुरावा मागतो.

"लई भीती वाटत असंल," तो म्हणाला. "मी हितंच हाय."

मग ती हाक मारायची, हा नुसता हुंकार द्यायचा. उन्हं उतरल्यावर कडी निघाली. पोरगी त्याचा हात धरून पाणी प्याली. माझ्या घरात, माझी नात, आणि हात त्याचा.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडं गेलो. आभार मानायला नव्हे, सुनेनं दिलेला डबा पोचवायला. भालेराव आतल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. सुशीलाबाई खाटेवर, पदर डोक्यावर ओढून.

"कोण पाहिजे?" तिनं त्यालाच विचारलं.

ती त्याला ओळखतच नाही, हे भालेरावानं मला कधी सांगितलं नव्हतं.

"जरा बसू का?"

"आमचे हे ड्यूटीवर गेलेत. लई भांडकुदळ माणूस. परका पुरुष दिसला तर तुमची धडगत नाही."

मला राहवेना. बाई, हाच तो, असं ओठावर आलं होतं. भालेरावानं मागं न बघता हातानंच मला थांबवलं.

"खरंय," तो तिला म्हणाला. "ते येईपर्यंत बसतो."

तिनं त्याला वरून खाली न्याहाळलं.

"बसा. पण ते आले की उठायचं."

"उठतो," भालेराव म्हणाला, आणि उंबरा ओलांडून खाली जमिनीवर बसला.