रणपिसेकाकांचा बॅकअप

रणपिसेकाकांच्या दाराची बेल वाजवली की दार उघडत नाही, तुमचा मोबाइल वाजतो.

"कोण?"

"मी, समोरच्या ब्लॉकमधली."

"ते फोनवर झालं. दारात कोण आहे?"

"दारातही मीच आहे, काका."

मग दाराच्या भिंगाआड एक डोळा येतो. "जरा उजेडाकडे सरका," असा हुकूम सुटतो. फोनवरची बाई आणि दारातली बाई एकच आहे अशी खात्री पटली की आधी वरची कडी, मग खालची कडी आणि शेवटी साखळी. एकदा मी विरजणाला चमचाभर दही मागायला गेले होते. दही मिळालं, पण घरी येईपर्यंत माझं कोमट दूध थंडगार पडलं होतं.

विश्रांतवाडीतल्या आमच्या बिनलिफ्टच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोनच ब्लॉक आहेत. एकात मी राहते आणि दुसऱ्यात हा संशय राहतो. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून काका मला 'बाई' म्हणतात. ते स्वतः एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झाले. अभिलेख कक्ष म्हणजे जुन्या फायलींची खोली. सगळी नोकरी त्यांनी त्या खोलीत काढली, आणि निवृत्त झाल्यावर खोली बरोबर घरी घेऊन आले.

"नोंद आहे का?" हा त्यांचा लाडका प्रश्न. सोसायटीच्या सभेत कुणी म्हणालं की गेल्या वर्षी टाकी धुतली होती, तर "नोंद आहे का?" आंबेवाला म्हणाला हापूस, तर "कशावरून?" वॉचमनने गुड मॉर्निंग म्हटलं, तर काका थांबून त्याच्याकडे बघतात आणि "तसं असेलही" म्हणून पुढे जातात.

मोबाइलमधल्या मजकुरालाही त्यांनी कचेरीचेच नियम लावले आहेत. 'अ' वर्ग म्हणजे कायम जतन, 'ब' म्हणजे तीस वर्षं, 'क' म्हणजे दहा आणि 'ड' म्हणजे वर्षभरात नष्ट. नातेवाइकांच्या लग्नाचे फोटो 'ब'मध्ये जातात. ("तीस वर्षांनी कोण विचारतंय!") सकाळी येणारी फुलं आणि सुविचार 'ड'मध्ये. माझा दिवाळीचा शुभेच्छा-संदेश कोणत्या वर्गात आहे, असं मी एकदा विचारलं. "चालू प्रकरण आहे," म्हणाले.

संशयाचं एक वाईट असतं, तो अंगाला लागतो. मी इथे राहायला येऊन वर्ष झालं होतं आणि मलाही काकांचा संशय यायला लागला होता. कारण काका एकटे राहत, पण रोज सकाळी सातच्या सुमारास, मी शाळेला निघायच्या आधी, त्यांच्या स्वयंपाकघरातून एका बाईचा आवाज येई. "अहो, घाई करू नका. कांदा लाल होऊ द्या." जरा वेळाने, "झाकण काढायचं नाही सांगितलं ना!" ही बाई ना कधी जिन्यात दिसली, ना गॅलरीत. दुपारी अडीचला काका इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्याला पिशवी लावून हडपसरची बस पकडायला निघत, ते दिवे लागायला परत येत.

"काकू कुठे असतात?" मी सरळ विचारलं होतं.

"सौ. प्रतिनियुक्तीवर आहेत," काका म्हणाले. "हडपसरला. मुलाकडे."

पहिल्या मजल्यावरच्या सबनीसबाईंचं मत निराळं होतं. "बायको हडपसरला, मग सकाळी कांदा लाल करायला कोण येतं?" असं त्या जिन्यात उभं राहून विचारत. मी त्यांना गप्प करायला हवं होतं. केलं नाही, उलट दुसऱ्या दिवशी कान देऊन ऐकलं. त्या दिवशी वांगं होतं.

मग एका सोमवारी आवाज बंद झाला. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. गुरुवारी माझा मोबाइल वाजला.

"बाई, एक गोपनीय काम आहे. येताना काही आणू नका. पर्ससुद्धा नको."

मी पर्स घरी ठेवली, पण पंजाबीच्या खिशात माझी छोटी हार्ड डिस्क शाळेतून आले तशीच राहिली होती. हे आताच सांगून ठेवते.

काम असं होतं. काकांचा टॅब हातातून पडून बंद झाला होता आणि बुधवार पेठेतल्या एका दुकानात दुरुस्तीला गेला होता. दुकानदाराने सांगितलं होतं की आतला बोर्ड बदलावा लागेल, टॅबमधलं सगळं जाईल, बॅकअप आहे ना? बॅकअप होता. काका दर रविवारी फोन आणि टॅब दोन्हींचा बॅकअप कॉम्प्युटरवर घेत. इंटरनेटवर ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. "इमारत कुठली, शिपाई कोण, किल्ली कोणाकडे, यातलं काही सांगत नाहीत आणि म्हणे कागद पाठवा!" पण आता कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह गच्च भरला होता, लाल पट्टी आली होती आणि मशीन मधेच बंद पडत होतं. टॅबच्या मजकुराची ती एकच प्रत उरली होती, आणि ती या म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात होती. काकांनी नवी हार्ड डिस्क आणली होती. बॅकअपची जागा बदलून तिथे न्यायची होती.

"त्यात काय आहे, काका?"

"'अ' वर्ग," काका म्हणाले आणि विषय संपवला.

आता यातली अडचण अशी की तो बॅकअपचा प्रोग्रॅम जागा बदलू देत नाही. सेटिंगमध्ये तशी सोयच नाही. युक्ती करावी लागते. आख्खा फोल्डर नव्या डिस्कवर न्यायचा आणि जुन्या जागी त्याच नावाची एक खूण करून ठेवायची. प्रोग्रॅम जुन्या जागी येतो, आणि खूण त्याला नव्या जागी पोचवते.

"म्हणजे चिठ्ठी!" काकांचे डोळे चमकले. "कपाटातून फाइल काढली की जागेवर चिठ्ठी ठेवायची, फाइल अमक्या टेबलावर आहे म्हणून. बाई, तुम्ही आमच्या खात्यात यायला हवं होतं."

मला फार बरं वाटलं. मी कामाला लागले आणि काका माझ्या खांद्यामागे उभे राहिले. मी पाणी प्यायले तरी ते ग्लास बघत होते. तेवढ्यात गॅसचा सिलिंडर आला आणि काका वजन तपासायला बाहेर गेले. जिन्यातून आवाज चढत गेला. "काटा तुमचा, वजन तुमचं, मग डोळे तरी माझे असू द्या!"

आणि मी एक पाप केलं. मनात आलं, हा माणूस असा. उद्या यातला एक फोटो जरी हलला तरी जन्मभर माझ्या नावाने शंख करील. मी खिशातली माझी डिस्क काढली, जोडली आणि तो फोल्डर तिच्यावर उतरवून घेतला. आत काय आहे ते पाहिलं नाही, तसं पाहताही येत नाही. सिलिंडरचं भांडण अर्धा तास चाललं, ते मला पुरलं. काका परत आले तेव्हा डिस्क खिशात होती आणि मी शहाण्यासारखी बसले होते. मग त्यांच्या देखत फोल्डर हलवला, खूण केली, लाल पट्टी गेल्याचं दाखवलं. काकांनी वहीत नोंद करून माझी सही घेतली.

शनिवारी सकाळी माझं दार कुणीतरी तळहाताने वाजवलं. काका होते. एक चप्पल पायात, दुसरी नाही.

"बाई, दोन्हीकडचं गेलं."

"काय गेलं?"

"तुम्ही चिठ्ठी ठेवली म्हणालात. मी आज ती उघडली, तर आत आख्खी फाइल! चिठ्ठीत चिठ्ठी असायला हवी. फाइल कशी निघेल? म्हटलं, बाईंनी दुसरी प्रत करून ठेवली. माझ्या वहीत तिची नोंद नाही. बिननोंदीची प्रत म्हणजे 'ड' वर्ग. मी नष्ट केली. टोपलीसुद्धा रिकामी केली. नंतर नवी डिस्क उघडली, तर तीही रिकामी."

मी कपाळाला हात लावला. जुन्या जागी दिसत होती ती दुसरी प्रत नव्हतीच. दारातून आत बघावं तशी ती नवी डिस्कच तिथून दिसत होती, आणि काकांनी त्या दारातून हात घालून घर रिकामं केलं होतं. दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. नोंद नाही म्हणून पुसून टाकायला आयुष्यभराची शिस्त लागते.

काका माझ्या सोफ्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग एकदम म्हणाले, "तिचं बोलणं गेलं हो."

त्या दिवशी मला सगळं कळलं. सुनेच्या बाळंतपणासाठी कमलकाकू हडपसरला निघाल्या, तेव्हा काकांचे जेवणाचे हाल होऊ नयेत म्हणून त्यांनी टॅबवर सव्वीस भाज्या-आमट्या बोलून ठेवल्या होत्या. दोन महिन्यांसाठी गेलेल्या काकूंना तिकडेच अर्धांगवायू झाला. हात-पाय हळूहळू सुधारले, वाचा मात्र गेली. मुलाच्या इमारतीला लिफ्ट आहे, म्हणून काकू तिकडेच राहिल्या. दोन खोल्यांत काकांना जागा नव्हती. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की ओळखीचे शब्द रोज ऐकवा आणि मागोमाग म्हणवून घ्या, त्यांचाच आवाज असेल तर उत्तम. म्हणून काका रोज टॅब पिशवीत घालून अडीचची बस पकडत होते. आणि मी शेजारी राहून कान देऊन काय ऐकत होते, ते आठवून मला माझीच लाज वाटली.

"काका," मी म्हटलं, "माझ्याकडे एक प्रत आहे."

त्यांनी मान वर केली. "कधी केलीत?"

"तुम्ही सिलिंडरवाल्याशी भांडत होतात तेव्हा. तुम्हाला न विचारता."

"मला संशय होताच," म्हणाले. मग त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते चक्क रडले. "बरं झालं बाई, बेइमानी केलीत."

टॅब दुरुस्त होऊन आला तसा बॅकअप त्यात उतरवला. दुसऱ्या दिवशी काकांनी मला बरोबर नेलं. "साक्षीदार हवा," एवढंच कारण दिलं. बसमध्ये पिशवी मांडीवर धरून ते सबंध रस्ता वाहकाकडे रोखून बघत होते.

काकू खिडकीशी खुर्चीत होत्या. हसल्या, पण हसू एकाच बाजूला उमटलं. काकांनी टॅब लावला. काकूंचा तोच ठणठणीत आवाज आला, "मीठ चवीपुरतं घाला, मूठभर नाही." काकूंनी ओठ जुळवले. "मी... मीठ." काका म्हणाले, "शाब्बास." पुन्हा टॅब. पुन्हा "मीठ". 'चवीपुरतं' काही येईना. असं तासभर चाललं. सूनबाईंनी चहा दिला. काकूंच्या कपाळावर घाम आला, तेव्हा काकांनी टॅब बंद करून उपडा ठेवला आणि रुमालाने त्यांचं कपाळ पुसलं.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. चांगला हात उचलून त्यांनी काकांच्या शर्टाची कॉलर धरली. ती गळ्याला सैल झाली होती.

"वा... वाळ... वाळलात."

काकांनी दचकून टॅब उचलला, पडदा पाहिला. टॅब बंद होता.

"बाई," ते मला म्हणाले, "हे त्यात नाही. सव्वीसच्या सव्वीस मला पाठ आहेत. हे त्यातलं नाही, ही आत्ता बोलली."