फॉरेनची म्हैस

गोव्यातल्या सुर्ल्याच्या चढावर खनिजाचे ट्रक धापा टाकत थांबायचे तिथंच भागीरथीचं चहाचं दुकान होतं, आणि दुकानाच्या फळीवर दूध पावडरीचे आठ फॉरेनचे डबे होते. कुवेतच्या चुलतभावाने एकेक करून आणलेले. पावडर कधीच संपली होती, पण असले चकचकीत डबे टाकवतात कुणाला? भागीरथीने ते ओळीने मांडले.

एकदा मंगेश ड्रायव्हरने विचारलं, "काकी, च्यात फॉरेनचा दूध घालतंस काय गो?"

"चव लागता मां? मगे गप पी."

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. बस्स! दूध मागच्या गोठ्यातल्या म्हशीचं, पण महिनाभरात डिचोलीपर्यंत बोभाटा झाला की बांद्याहून आलेली भागीरथी फॉरेनच्या दुधाचा चहा देते. ड्रायव्हर मिटक्या मारू लागले. भागीरथीचा नवरा धाकू मुकाट म्हैस धूत राहिला. असं दोन वर्षं चाललं.

दुकानात दोन बाकं होती. सत्याऐंशी साल ते. एका बाकावर कोंकणीवाले, दुसऱ्यावर मराठीवाले. गोव्याचं राज्य कधी होणार आणि झालंच तर कुठल्या भाषेत होणार, यावर रोज हातघाईची वेळ यायची. दोन्ही बाकांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं, ते म्हणजे भागीरथीचा चहा.

मग एका सकाळी खाणीच्या ऑफिसातले गोकुळदास पेपर घेऊन कोंकणी बाकावर बसले.

"आयकलें? रशियांत अॅटमचो कारखानो फुटिल्लो न्ही? तें वीख वाऱ्यान युरोपभर गेलें. गायांनी तण खालें, वीख दुदांत आयलें!" त्यांनी चष्म्यावरून फळीकडे पाहिलं. "आनी तें दूद फॉरेनच्या डब्यांत."

ग्लास खाली ठेवल्याचे टकाटक आवाज झाले. मराठी बाकावरचे दत्ताराम म्हणाले, "कालपासून माझा गुडघा उगाच नाही दुखत!" मंगेशने तोंडातला घोट बाहेर जाऊन थुंकला. गोकुळदासांनी केस गळतात म्हणून जाहीर केलं. त्यांच्या डोक्यावर गळायला मुळात अकराच केस होते. दोन्ही बाकं प्रथमच एकदिलाने उठली आणि निघून गेली.

"आता तरी सांग त्येंका," धाकू म्हणाला. "दूध आमच्या म्हशीचा म्हणान."

"आणि दोन वर्षां तोंडाक कुलूप कित्याक घातलेला, ता कोण सांगतलो? तू?"

तिला राग आला होता, खरंच आला होता. खरं सांगितलं तर अॅटम गेला असता, पण बरोबर अब्रूही गेली असती. तिने पातेलं आणखी लखलखीत घासलं आणि रिकाम्या बाकांसमोर चहा उकळत ठेवला. आठवडाभर तो चहा एकट्या धाकूने प्यायला.

आठव्या दिवशी दुपारी अन्न निरीक्षक यशवंत आले. तक्रारीचा अर्ज गोकुळदासांचाच होता. ते आणि सगळे ड्रायव्हर तमाशा बघायला गोळा झाले. साहेबांनी पहिला डबा उघडला. आत तिरफळं. दुसऱ्यात कोकमाची सोलं. तिसऱ्यात हळद. आठव्यात धाकूच्या सदऱ्याची बटणं.

"बाई, पावडर कुठं लपवली?" साहेब म्हणाले. "माझ्याकडे अॅटमची किरणं मोजायचं यंत्र नाही. दुधाचा नमुना मुंबईला जाईल. अहवाल येईपर्यंत दुकान बंद."

"कधी येतलो तो?"

"चारेक महिने धरा."

चार महिन्यांनी म्हणजे पावसाळा, आणि पावसात खाण बंद, ट्रक बंद. भागीरथीने एकदा चुलीकडे पाहिलं आणि अब्रूवर पाणी सोडलं.

"धाकू, म्हस हाड हडे!"

म्हैस आली ती थेट रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. चढावरचे ट्रक थांबले, हॉर्न वाजले. भागीरथीने रेडकू सोडलं, पान्हा फुटला तसं ओढून बाजूला बांधलं आणि भर रस्त्यात बसून धार काढली. सगळ्यांसमोर दूध उकळलं, चहा केला आणि पहिला ग्लास स्वतः घटाघटा प्यायली.

"ह्याच दूध दोन वर्षां पितास तुमी! घेवा नमुनो, नायतर म्हशीकच मुंबैक नेवा!"

"म्हणजे तू आमका फसयलंस?" मंगेश ओरडला.

"मी कधी म्हटलंय फॉरेनचा? डबे बघितल्यार तुमका गोड लागला, पेपर वाचल्यार वीख लागला. दूध ताच! म्हस तीच! जीभ तुमची फिरली, आणि दुकान माझा बंद?"

निरीक्षकांनी बंदीचा हुकूम तिथंच मागे घेत पेनाचं टोपण लावलं. "मग फॉरेनचं दूध, लोणी या गावात आहे तरी कुणाकडे?"

"आमगेर आसा मरे," गर्दीतून आवाज आला. गोकुळदासांची बायको प्रभावती बाजाराची पिशवी घेऊन उभी होती. "मांतेगेचो डबो, फॉरेनचें लोणी. म्हापशांतल्यान हाडला हांणी. दर सकाळीं दार धांपून पावाक लावन खातात. माका म्हणटात, 'तुजे खातीर ना, गरम पडटा.'"

गोकुळदासांचा हात आपोआप डोक्यावर गेला. निरीक्षक त्यांच्या घराकडे निघाले. त्यांच्या मागून प्रभावती, वाट दाखवायला, बऱ्याच उत्साहाने.

संध्याकाळी दोन्ही बाकं भरली आणि राज्याचा वाद जिथे सोडला होता तिथून पुन्हा सुरू झाला. सगळ्यांत शेवटी गोकुळदास आले, खाली मान घालून. भागीरथीने काही न बोलता त्यांच्या हातात ग्लास दिला. त्यांनी फुंकर घातली, एक घोट घेतला, जीभ टाळूला लावली.

"बरो आसा," ते म्हणाले. "पूण खरें सांगूं? पयलींची ती फॉरेनची रुच ना."

भागीरथीने ग्लास त्यांच्या हातातून काढून घेतला, रस्त्याकडेला बांधलेल्या म्हशीसमोर घमेल्यात ओतला. म्हशीने तो एका दमात चाटून संपवला आणि आणखी मिळेल म्हणून मान वर केली.

"हिका समाजता," भागीरथी म्हणाली आणि ग्लास विसळायला घेतला.