सपाटीवरची पर्वत-सायकल

मुलांनो, नीट बसा. ज्या जंगलाची ही गोष्ट आहे, ते जंगल सपाट होतं. किती सपाट? सकाळी जमिनीवर गोटी ठेवली, तर संध्याकाळी ती तिथेच सापडायची. डोंगर नव्हता. टेकडी नव्हती. चढ म्हणावा असं मुंग्यांचं एक वारूळ होतं, तेही मुंग्यांच्या मते फारसं अवघड नव्हतं.

जंगलातून नदी वाहायची. नदीवर बंधारा होता. बंधाऱ्यापासून एक कालवा निघून सरळ रेघेसारखा सहा कोस जायचा. कालव्याच्या कडेने मातीचा रुंद भराव होता, भरावावर वाट होती आणि वाटेवर बाभळींची सावली होती.

या कालव्याच्या तोंडाशी द्वारकाबाई नावाच्या एक साळिंदर राहायच्या. त्यांची धाकटी बहीण पारू कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला राहायची. पारूला दिसेनासं झालं होतं. चरायला गेली की ती हमखास गोखरूंच्या झुडपात शिरायची. मग गोखरू तिच्या काट्यांच्या मुळाशी अडकून बसायचे. वेळेवर काढले नाहीत, तर तिथे जखम व्हायची.

आता साळिंदराच्या पाठीत हात घालायला दुसरं कोण तयार होणार? म्हणून दर बाजारच्या दिवशी द्वारकाबाई चालत जायच्या, गोखरू काढायच्या आणि परत यायच्या. पुढे त्यांचे गुडघे गेले.

त्याच सुमाराला लांबच्या डोंगरातून एक अस्वल सायकली विकायला आलं. जाड टायर, एकवीस गियर.

“ही पर्वत-सायकल आहे,” अस्वल म्हणालं.

“पण इथे पर्वत नाही,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“म्हणून तर इथे आणली. पर्वतावर फार दम लागतो हो.”

द्वारकाबाईंना ते पटलं. त्यांनी सायकल घेतली. एकवीस गियरपैकी त्या एकच वापरायच्या. उरलेले वीस त्यांनी चांगल्या कपबशांसारखे पाहुण्यांसाठी ठेवून दिले.

मग काय विचारता! डावीकडे संथ पाणी, उजवीकडे गवत, डोक्यावर सावली. पाय मारला की सायकल पुढे जायची, नाही मारला तरी थोडी जायची. गुडघे काही बोलायचे नाहीत. वाटेत कालव्याचा पाटकरी भेटायचा. तो पाणमांजर होता, नाव बयाजी. पाणी सोडणं, बंद करणं आणि भरावावर नजर ठेवणं हे त्याचं काम.

“निघालात बाई?”

“निघाले बयाजीदादा.”

एवढं बोलून द्वारकाबाई पुढे जायच्या. दीड तासात पारूच्या दारात.

त्यांचं पाहून रानडुकराने सायकल घेतली. मग काळविटाने. मग सशांच्या सबंध आळीने. संध्याकाळी सगळे कालव्यावरून हळूहळू फिरायचे आणि घरी जाऊन गाढ झोपायचे. कुणाची काही तक्रार नव्हती. इथेच कुणाला तरी संशय यायला हवा होता.

तो चिंतामणराव कोल्ह्यांना आला. चिंतामणराव एकदा मेव्हण्याच्या लग्नासाठी दोन दिवस डोंगरात जाऊन आले होते. तिथे त्यांनी खऱ्या पर्वत-सायकली पाहिल्या. परत आल्या आल्या त्यांनी ‘अखिल जंगल पर्वत-सायकल महासंघ’ काढला, स्वतःला अध्यक्ष नेमलं आणि कालव्यावर पाटी लावली :

‘पर्वत-सायकल मार्ग. श्रेणी : सोपी.’

पाटीसमोर सगळे जमले.

“सोपी?” रानडुक्कर म्हणालं. “म्हणजे आम्ही रोज करतो ते सोपं?”

“पोरीचं लग्न ठरवायचंय माझ्या,” ससा म्हणाला. “पाहुणे विचारतील, वडील काय करतात? सांगू काय, सोप्या वाटेनं फिरतात?”

द्वारकाबाई म्हणाल्या, “पण आहेच ना सोपी. चांगलं आहे की.”

भर पंगतीत कुणी नको ते बोलावं, तसं सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

महासंघाची बैठक झाली. पाटी खोटी आहे असं कुणालाच म्हणता येईना, म्हणून वाट बदलायचं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे कामाला लागले. वाटेवर दगड टाकले. दगडांच्या मध्ये खड्डे खणले. सावलीमुळे वाट सोपी होते असं लक्षात आल्यावर बाभळी तोडल्या. वाटेतल्या ओढ्यावरचा लाकडी साकव काढून ठेवला. शेवटी महासंघाच्या कचेरीसमोर एक टेकाड रचायचं ठरलं. त्याला माती लागणार होती. ती भरावातून काढली.

बयाजी पाटकरी धावत आला.

“अहो रावसाहेब, भराव पोखरू नका. पाण्याची पाळी सुटली की फुटंल.”

“बयाजी,” चिंतामणराव शांतपणे म्हणाले, “धोका हा या खेळाचा आत्मा आहे.”

“पण मी खेळत नाही. मी पाणी सोडतो.”

“तेच तुझं चुकतं.”

पाटीवर नवा मजकूर आला : ‘श्रेणी : कठीण.’ पाटी रंगवली त्या दिवशी सशांनी घरोघर साखर वाटली.

बाजारचा दिवस आला. द्वारकाबाई नेहमीसारख्या निघाल्या. पहिल्या दगडावर त्या उडाल्या, दुसऱ्या खड्ड्यात पडल्या. सात काटे मोडले. बाजूला उभ्या असलेल्या काळविटाने टाळ्या वाजवल्या आणि पडण्याची तऱ्हा उत्तम होती असं सांगितलं.

पुढे महासंघाने नवं फाटक लावलं होतं, तिथे चिंतामणराव बसले होते.

“प्रमाणपत्र?”

“कसलं?”

“कठीण मार्गावर जायला प्रमाणपत्र लागतं. तोंडी परीक्षा आहे. देता?”

“देते. लवकर घ्या, बहीण वाट बघत असेल.”

“समोर तीव्र चढ आला. काय कराल?”

“उतरेन आणि ढकलत नेईन.”

“तीव्र उतार आला?”

“उतरेन आणि धरून नेईन.”

“वाटेत दरी आली?”

“घरी परत येईन.”

चिंतामणरावांनी पेन खाली ठेवलं. “बाई, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यात पर्वत नाही.”

“तो तर कुठेच नाही, रावसाहेब.”

“नापास.”

द्वारकाबाईंनी शेतांमधून चालत जाऊन पाहिलं. एका कोसातच गुडघे बसले. त्या बांधावर टेकल्या आणि ऊन उतरायच्या आत कशाबशा घरी आल्या. पुढचा बाजार गेला. त्याच्या पुढचाही गेला. मग एका सकाळी बगळा निरोप घेऊन आला.

“तुमची पारू दिवसभर दगडाला पाठ घासत बसते,” तो म्हणाला. “मला म्हणाली, अक्काला सांग, काही झालं नाही, थोडी खाज आहे.”

“रक्त आहे का?”

बगळा दुसरीकडे पाहू लागला.

त्या दिवशी द्वारकाबाई दाराशी बसून रडल्या. साळिंदर रडलं तर त्याला कुणी जवळ घेत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

चार दिवसांनी कालव्यात पाणी सोडायची पाळी आली. बयाजीने वर बंधाऱ्याच्या साहेबांकडे जाऊन दोनदा सांगितलं, भराव पोखरलाय, पाणी सोडू नका. वरून उत्तर आलं, भराव कागदावर भक्कम आहे. पाणी सुटलं. भर दुपारी, महासंघाच्या कचेरीसमोरच, भराव फुटला.

कालव्याचं पाणी कचेरीत शिरलं आणि खुर्च्या घेऊन बाहेर पडलं. सशांची आळी पाण्याखाली गेली. सगळे जीव घेऊन पळाले आणि त्या रचलेल्या टेकाडावर चढले. टेकाड रानडुकराच्या उंचीचं होतं. त्यावर ससे, काळवीट, खुद्द रानडुक्कर आणि चिंतामणराव एकमेकांना धरून संध्याकाळपर्यंत उभे होते. बयाजीने पोहत जाऊन कालव्याचं वरचं दार बंद केलं, तेव्हा कुठे पाणी थांबलं.

जीव कुणाचा गेला नाही. टेकाडावरून उतरल्यावर सगळे चिखलात गोळा झाले. चिंतामणरावांनी घसा साफ केला.

“मित्रहो, आज या जंगलातले प्राणी पहिल्यांदा पर्वतावर अडकले आणि सुखरूप खाली आले.”

मग रानडुकराने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. सशाला घर उरलं नव्हतं, पण मुलीच्या पाहुण्यांना सांगायला आता पुष्कळ होतं. राजाकडून अभिनंदनाचं पत्र आलं. कशाबद्दल अभिनंदन, ते पत्रात लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बयाजी द्वारकाबाईंच्या दारात आला.

“बाई, सायकल घ्या नि चला माझ्यासंगं.”

कालव्याला जागोजागी तळापर्यंत पायऱ्या असतात. तिथून बयाजीने सायकल खांद्यावर घेऊन खाली उतरवली. कालवा रिकामा होता. तळाला सिमेंटच्या अस्तराचा गुळगुळीत थर, दोन्ही बाजूंना भिंती, भिंतीची गार सावली. दगड नाही, खड्डा नाही, फाटक नाही. फुटलेल्या जागी थोडा चिखल होता, तिथे बयाजीने फळी टाकून ठेवली होती.

द्वारकाबाईंनी पाय मारला. सायकल निघाली. सव्वा तासात त्या शेवटच्या टोकाला पोचल्या.

पारू दगडाशी बसली होती. सायकलचा आवाज ऐकून तिने मान वळवली.

“अक्का?”

“हलू नकोस. पाठ कर इकडे.”

द्वारकाबाईंनी एकेक गोखरू काढायला घेतला. पारू मध्येच कण्हायची, मध्येच जंगलातली खबरबात विचारायची. जखमा धुऊन झाल्यावर द्वारकाबाई म्हणाल्या, “पारू, कालवा फुटलाय ग. तुमच्याकडे आता पाणी येणार नाही.”

“अक्का,” पारू म्हणाली, “ते कधी आलं होतं? सगळं वरच्या वरच संपतं. आम्ही आपले नदीवर जातो.”

मग दोघींनी कंदमुळं खाल्ली. पारू बऱ्याच दिवसांनी कुशीवर झोपली. द्वारकाबाई परत निघाल्या.

येताना त्या पायऱ्या चढून वर आल्या, तो समोर चिंतामणराव उभे. मागे रानडुक्कर, काळवीट आणि ससा. तिघांच्या हातात कुदळी. टेकाड वाढवायचं काम सुरू झालं होतं.

चिंतामणरावांनी वाकून कालव्यात पाहिलं. तळावर चिखलाने उमटलेली टायरची एक लांब, सरळ रेघ होती.

“बाई, खालून आलात?”

“हो.”

“वाट कशी आहे?”

मुलांनो, द्वारकाबाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. परीक्षेतही बोलल्या नव्हत्या, हे तुम्ही ऐकलंच. त्यांनी चिंतामणरावांकडे पाहिलं. कुदळींकडे पाहिलं. मग त्या मटकन खाली बसल्या आणि धापा टाकू लागल्या.

“नका विचारू, रावसाहेब,” त्या म्हणाल्या. “भयंकर आहे. दोन वेळा वाटलं, आता काही मी परत येत नाही. तुम्ही नापास केलंत, ते अगदी बरोबर केलंत.”

“असं?” चिंतामणराव दोन पावलं मागे सरले. “किती भयंकर?”

“पर्वत बरा.”

कुदळी खाली आल्या. काळविटाने द्वारकाबाईंना पाणी दिलं. संध्याकाळपर्यंत पायऱ्यांपाशी पाटी लागली : ‘श्रेणी : अतिकठीण. केवळ कसलेल्या सायकलपटूंसाठी.’ महासंघातले सगळेच कसलेले होते. रानडुक्कर म्हणालं, आपण पुढच्या वर्षी जाऊ. काळवीट म्हणालं, सध्या पाय दुखतोय. चिंतामणराव म्हणाले, मी जाईन, पण अध्यक्षाने जाणं बरं दिसत नाही.

कालवा दुरुस्तीचा प्रस्ताव मंजुरीसाठी वर गेला आहे. म्हणजे तळ बरीच वर्षं कोरडा राहील.

द्वारकाबाई दर बाजारी जातात. पारूची पाठ आता बरी आहे. परतताना बयाजी पायऱ्यांपाशी थांबतो आणि सायकल वर घेतो. परवा तो हळूच म्हणाला, “बाई, आज धापा कमी पडल्या. कोल्हा बघतोय.”

द्वारकाबाई पुन्हा खाली बसल्या.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. मात्र वाट सोपी असेल, तर ती फार अवघड होती असं सांगावं. म्हणजे ती सोपी राहते.