बिनघंटीची सायकल आणि साहेबांचं नाव

मी सायकलनं ऑफिसला जायचं ठरवलं, एवढंच. कुणाचं काही वाईट चिंतलं नव्हतं. शर्टाचं शेवटचं बटण लावताना मी श्वास रोखून धरतो, हे बायकोनं एकदोनदा बोलून दाखवलं होतं, आणि मेव्हण्यानं ‘ठेवून घ्या, नुसती पडूनच आहे’ म्हणून दिलेली सायकल आमच्या जिन्याखाली खरोखरच नुसती पडून होती. तिला सीट होती, पेडलं होती, मनात आलं तर ब्रेकही लागायचा. घंटी मात्र नव्हती. बायको म्हणाली, आधी घंटी बसवून घ्या, मग जा. मी म्हटलं, घंटी कशाला, मला तोंड आहे की. (मला तोंड आहे हे घरात सांगायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही. त्यामुळे त्या वाक्याच्या तोऱ्यातच मी बाहेर पडलो.)

खरं म्हणजे तो आठवडा असले तोरे करायचा नव्हताच. आमचे हेडक्लार्क नुकतेच रिटायर झाले होते. त्यांची खुर्ची रिकामी होती, आणि त्या खुर्चीसाठी साहेब एक नाव वरच्या ऑफिसला कळवणार होते. शर्यतीत नावं दोन, एक माझं आणि दुसरं रेकॉर्ड सेक्शनमधल्या एका गृहस्थाचं. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हा गृहस्थ ‘हो हो’ म्हणायला लागतो, म्हणून सगळं ऑफिस त्याला होहो म्हणतं. बायकोनं माझं प्रमोशन झाल्यात जमा धरून माहेरी कळवूनसुद्धा टाकलं होतं. सासूबाईंनी फोनवर चक्क माझी तब्येत विचारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या घराण्यात माझ्या तब्येतीचा विषय कधी निघाला नव्हता. खुर्ची हुकली असती तर मी एकवेळ सोसलं असतं, पण सासूबाईंना ते कळवायचं कोणी?

तर मी तोंडानं ‘ट्रिंग ट्रिंग’ करत मोठ्या चौकापर्यंत छान आलो. दिवा लाल झाला. मी ब्रेक दाबला. ब्रेकच्या मनात त्या वेळी नेमकं नव्हतं, म्हणून पाय घासत घासत थांबलो. पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्याच्या जरासं पलीकडे गेलं. जरासं म्हणजे वीतभर. तेवढ्यात शिट्टी वाजली.

पोलिसांनी त्या दिवसापासून सायकलवाल्यांना धरायची मोहीम काढली होती, हे मला काय माहीत? पेपर मी घेतो तो बायकोनं वाचून मला मथळे सांगावेत म्हणून, आणि हा मथळा तिनं सांगितलेला नव्हता. समोर एक हवालदारबाई उभ्या होत्या. ओरडणाऱ्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, ओरडून घ्यायची मला सवय आहे. पण या बाई अगदी शांतपणे, शाळेतल्या बाईंसारख्या बोलत होत्या. पट्टा ओलांडला, घंटी नाही, मागचा लाल दिवा नाही, असं त्यांनी एकेक करून मला समजावून सांगितलं आणि मग पेन काढून विचारलं, “नाव?”

इथं माझा धंदा मला नडला. मी साहेबांच्या केबिनबाहेर बसतो. फोन आला की पलीकडचा विचारतो ‘नाव?’, आणि मी साहेबांचं नाव सांगतो. साहेबांचं रेल्वेचं रिझर्व्हेशन, बँकेचं काम, गॅसची तक्रार, डॉक्टरांची वेळ, सगळं मीच बघतो. दिवसभर माझ्या तोंडून साहेबांचं नाव जेवढं निघतं तेवढं त्यांच्या आईच्याही तोंडून निघालं नसेल. स्वतःचं नाव मला शेवटचं कोणी विचारलं होतं ते आठवतसुद्धा नाही. त्यामुळे बाईंनी ‘नाव?’ म्हटल्याबरोबर माझ्या तोंडून साहेबांचं पूर्ण नाव, हुद्दा, ऑफिस, घरचा पत्ता आणि पिनकोड धडाधड बाहेर पडला.

मला पत्ताही लागला नाही. बाई जेव्हा म्हणाल्या, “साहेब, तुमच्यासारख्या अधिकाऱ्यानं असं करायचं म्हणजे...” तेव्हा कुठे मी काय सांगून बसलो ते माझ्या लक्षात आलं.

त्याच क्षणी दुरुस्ती करायला हवी होती, कबूल. पण दुरुस्ती करायची म्हणजे पोलिसांना सांगायचं की आत्ता मी तुम्हाला खोटं नाव दिलं. घंटी नसल्याचा गुन्हा एक आणि हा गुन्हा दुसरा. शिवाय आता सांगतोच तर सगळंच सांगतो, मला कोणीतरी साहेब म्हटल्याचं ऐकून घटकाभर फार बरं वाटलं होतं. तेवढ्यात बाईंनी लिहूनही टाकलं. दंडबिंड काही नाही, म्हणाल्या. रविवारी सकाळी पोलिसांच्या मैदानावर सायकलवाल्यांचा वर्ग आहे, तिथं यायचं, नियम शिकायचे, परीक्षा द्यायची. आणि जो येणार नाही त्याच्या घरी आमचा माणूस येईल. म्हणजे साहेबांच्या घरी.

संध्याकाळी मी सगळं बायकोला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला नाही, चिडलीही नाही. नुसतं एवढंच म्हणाली, “अहो, स्वतःचं नाव सांगायचं होतं. ते काही तोंडपाठ करावं लागत नाही.” तिचं म्हणणं पडलं की उद्या सकाळी सरळ केबिनमध्ये जाऊन साहेबांना सगळं सांगून मोकळं व्हा. आमचे साहेब माणूस म्हणून कसे आहेत हे तिला माहीत नसल्यामुळे तिला असलं काहीतरी सुचतं.

तरी मी दुसऱ्या दिवशी गेलो. फाइल छातीशी धरून केबिनमध्ये उभा राहिलो आणि घसा साफ केला. साहेब नेहमी मान वर करत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी केली. एवढंच नव्हे तर मला बसायला सांगितलं. त्या केबिनमधल्या खुर्चीवर बसायची माझी ती पहिलीच वेळ. मी टोकावर टेकलो.

साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत होते. मग म्हणाले, “तुम्ही सायकल चालवता का हो?”

म्हटलं, कळलं यांना. “अधूनमधून, साहेब. तब्येतीसाठी.”

“हल्ली पोलीस फार कडक झालेत म्हणे.”

“ऐकलंय, साहेब.”

“तुम्हाला काही... त्यांनी काही कळवलं वगैरे नाही ना?”

“नाही, साहेब. तुम्हाला?”

“मला कशाला कळवतील?” साहेब एकदम उखडले, आणि मी फाइल तिथंच विसरून बाहेर आलो.

उरलेले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. साहेब सगळं जाणून आहेत आणि मी स्वतः कबूल करतो का ते बघतायत, याबद्दल माझ्या मनात शंकाच उरली नाही. फोन वाजला की मी दचकायचो. होहो दोनदा केबिनमध्ये जाऊन हसत बाहेर आला. घरी सासूबाईंचा पुन्हा फोन आला आणि मी न्हाणीघरात जाऊन बसलो. शेवटी मी मनाशी ठरवलं की रविवारी साहेबांच्या नावानं वर्गाला जायचं, नियम शिकायचे, परीक्षा द्यायची आणि प्रकरण तिथंच गाडून टाकायचं. साहेबांच्या घरी माणूस जायलाच नको. बायको म्हणाली, हा सगळा सावळा गोंधळ तुमच्या अंगाशी येणार आहे. पण शर्टाला इस्त्री करून दिली तिनं.

रविवारी मैदानावर बरीच मंडळी जमली होती. दूधवाला होता, कॉलेजच्या दोन मुली होत्या, एक रिटायर्ड मास्तर होते. हवालदारबाई समोर खुर्ची टाकून बसल्या आणि हजेरी घ्यायला लागल्या. मी साहेबांच्या नावाची वाट बघत कान टवकारून उभा होतो, तर त्यांनी पुकारलं ते माझं नाव. माझं स्वतःचं, आईवडिलांनी ठेवलेलं, वडिलांच्या नावासकट.

आणि मागून कोणीतरी म्हणालं, “हजर.”

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. मागं वळून बघितलं, तर अर्धी चड्डी, पांढरे बूट आणि डोक्यावर टोपी घालून आमचे साहेब उभे होते. त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. पुढचं नाव साहेबांचं होतं. ते बाईंनी दोनदा पुकारलं, तेव्हा कुठे मी ‘हजर’ म्हटलं. साहेबांचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते सांगायची माझी छाती नाही.

बाईंनी मला लगेच ओळखलं. या साहेब, म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारची खुर्ची मला दिली, चहा मागवला. साहेब मागं सतरंजीवर दूधवाल्याशेजारी बसले. मी उठायला बघायचो, बाई हातानं बसवायच्या. फळा पुसायची वेळ आली तेव्हा त्यांनी मागं बोट दाखवून म्हटलं, “अहो, ते अर्ध्या चड्डीतले क्लार्क, जरा फळा पुसा.” साहेबांनी फळा पुसला. मी डोळे मिटून घेतले, तरी मला डस्टरचा आवाज ऐकू येत होता.

मग परीक्षा. मैदानावर चुन्यानं रस्ते आखले होते आणि त्यावरून सायकल आहे असं समजून हात दाखवत चालायचं होतं. माझी आणि साहेबांची गाठ नेमकी चौकात पडली. नियमाप्रमाणे आधी जायचा हक्क माझा होता. पण साहेब समोर असताना मी आजवर कुठल्या दारातून आधी गेलोय? मी थांबलो. आणि साहेब कधी कुणासाठी थांबलेत? ते सरळ निघाले. शिट्टी वाजली. बाईंनी त्यांना मागं बोलावलं, नियम समजावून सांगितला आणि पुन्हा चालायला लावलं. साहेब पुन्हा तसेच निघाले. तिसऱ्या शिट्टीला मात्र त्यांचा तोल गेला.

“मी कोण आहे हे माहीत आहे का तुम्हाला?” ते गरजले.

बाईंनी शांतपणे हजेरीचा कागद बघितला, माझं नाव वाचलं, पुढं ‘क्लार्क’ आणि ऑफिसचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, “माहीत आहे.”

बाई माझ्याकडे वळल्या. “साहेब, हे तुमच्याच ऑफिसातले ना? तिथंही असेच वागतात का?”

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. पण विचार केला की माझ्याबद्दल चार चांगले शब्द साहेबांच्या कानावर पडावेत अशी संधी जन्मात पुन्हा यायची नाही. मी म्हटलं, “नाही हो बाई, गरीब स्वभावाचा माणूस आहे. कामाला वाघ. आज जरा ऊन लागलंय त्याला. वरची जागा मिळायला हवी इतका लायक आहे तो.” स्वतःचं इतकं कौतुक मी आयुष्यात केलं नव्हतं. बोलताना मला भरूनच आलं.

“तुमच्या चांगुलपणाचा फायदा घेतात अशी माणसं,” बाई म्हणाल्या आणि खाली मान घालून काहीतरी लिहायला लागल्या.

वर्ग सुटल्यावर साहेबांनी मला झाडाखाली गाठलं. त्यांच्या मिसेसना आणि वरच्या ऑफिसला यातलं काही कळता कामा नये, हे त्यांनी आधी माझ्याकडून कबूल करून घेतलं. डॉक्टरांनी साखरेसाठी सायकल सांगितली होती, आणि पहिल्याच दिवशी ते फुटपाथवरून मोबाइलवर बोलत जाताना सापडले होते. मग त्यांनी विचारलं, तुम्ही माझं नाव का दिलंत?

“सवयीनं, साहेब,” मी खरं ते सांगितलं. “आणि तुम्ही माझं?”

“मीही सवयीनंच,” साहेब म्हणाले. “ऑफिसात काही चुकलं की मी वर तुमचंच नाव सांगतो.”

मी घरी आलो तो हवेत. बायकोला म्हटलं, खुर्ची आपली. साहेब आता माझ्या मुठीत आहेत आणि मी किती लायक आहे हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ती म्हणाली, हातात कागद येईपर्यंत आईला काही बोलू नका. पण मी आनंदाच्या भरात वाटेतूनच सासूबाईंना स्वतः फोन करून मोकळा झालो होतो.

बुधवारी साहेबांनी मला आत बोलावलं. पुढ्यात पोलिसांकडून आलेला कागद होता. नोकरदार माणसाचा शेरा त्याच्या ऑफिसला पाठवायची त्यांची पद्धत आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. साहेबांचा शेरा वरच्या ऑफिसला गेला होता. अत्यंत नम्र, शिस्तीचे, हाताखालच्या माणसांना सांभाळून घेणारे अधिकारी. त्याबद्दल वरून साहेबांचं कौतुकही आलं होतं. माझा शेरा साहेबांनी चष्मा लावून मला वाचून दाखवला. नियम पाळत नाही. वरिष्ठांना वाट देत नाही. स्वभाव उद्धट, उलट उत्तरं देतो.

“आता मला सांगा,” साहेब खरोखर वाईट वाटल्यासारखे म्हणाले, “अशा माणसाचं नाव हेडक्लार्कसाठी मी वर कसं कळवू?”

पण डोळ्यांसमोर सासूबाई आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबांसमोर माझा आवाज चढला. “पण साहेब, ते सगळं तुम्ही केलं होतं.”

साहेबांनी चष्मा काढला, पेन उचललं आणि होहोचं नाव लिहीत म्हणाले, “बघा. पुन्हा उलट उत्तर.”