फोटोबरहुकूम दीपगृह

कोणतीही वस्तू वारसा म्हणून जाहीर झाली की तिने कामधंदा सोडावा, हा सुसंस्कृत समाजाचा पहिला नियम आहे. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या लूनपॉइंट गावाने आपल्या बंदरातल्या लाल दीपगृहाबाबत तो काटेकोर पाळला. मी जतन समितीचा चिटणीस असल्याने हे छाती फुगवून सांगू शकतो.

दीपगृह १९०७ साली होते तसेच ठेवायचे, असा ठराव झाला. पुरावा म्हणून त्या सालचा एकुलता एक फोटो शोधला. लाल रंग तोच, कठडा तोच, खिडक्या सात. दिवा मात्र फोटोत विझलेला. (फोटो भरदुपारी काढला होता; पण ही बाब समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हती.) सबब, दिवा बंद करण्यात आला.

त्याच आठवड्यात, गावाच्या दर शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणात, ते मासे धरून आणणारा आर्वो किनुनेन समितीच्या अध्यक्षा मार्लिसबाईंसमोर येऊन उभा राहिला.

"बाई, धुक्यात मी घरी कसा येऊ? फोटो बघत?"

"अरे, दिवा कुठे काढलाय? आहे की जागेवर! मासा काय झकास झालाय आज."

"उद्या मासेवालाच नसला म्हणजे?"

"जेवताना असं अभद्र बोलू नये रे. सॅलड घे."

इतिवृत्तात मी नोंद केली : 'एक तक्रार. मासे उत्तम.'

ऑगस्टमधल्या एका सकाळी दाट धुके पडले आणि आर्वोची होडी बंदराच्या तोंडाशी खडकांवर फुटली. नऊच्या सुमारास धुके विरळ झाले, तेव्हा तो एका हाताने खडक धरून दुसरा हात हलवत होता. आता, पाण्यातल्या माणसाने हात हलवला की काठावरच्यांनी उलट हात हलवायचा, ही आमच्याकडची किमान माणुसकी. धक्क्यावर त्रेसष्ट माणसे होती. त्रेसष्टांनीही हलवला. एक आजोबा ओरडले, "मजा आहे बुवा तुझी!" मीही हलवला. (हे इतिवृत्तात नाही.)

सरोवराचे पाणी ऑगस्टातही बर्फासारखे असते. अर्ध्या तासाने आर्वोने हात हलवणे थांबवले. काहींना तो जरा तुसडेपणा वाटला.

समितीने त्याची फुटकी होडी तातडीने वारसा म्हणून जाहीर केली आहे. शुक्रवारचे मासे हल्ली बाहेरगावाहून येतात. चव बरी असते.

त्या सकाळी दीपगृह बघायला तुम्हीही आला होतात. घरी गेल्यावर, दीपगृहासमोर काढून घेतलेला तुमचा फोटो सगळ्यांना दाखवलात. तो आता पुन्हा बाहेर काढून बघा. दीपगृहाच्या डाव्या बाजूला, खाली, पाण्यात एक हात दिसेल. आणि पुढे, हसत हलवलेला, तुमचा.

दीपगृह मात्र सुरेख आले आहे.