महाराजांचं आनंदीकरण

एका जंगलात, बाळांनो, एक रसायनमंत्री होता. खोटं वाटेल, पण होता. लांब चोचीचा, लांब मानेचा एक करकोचा. नाव चंचूशास्त्री. कुठे काही फसफसलं, गंजलं किंवा पेटलं, की ती कोणत्या प्रकारची रासायनिक अभिक्रिया आहे हे तो जाहीर करायचा. त्याआधी विझवायलासुद्धा कुणी जायचं नाही, असा कायदा होता. कायदा त्यानेच केला होता.

एकदा सिंहमहाराज गर्जनराव शेजारच्या राज्यात जेवायला गेले. आग्रहाला बळी पडले. परतले ते छाती चोळतच.

राजवैद्य डुलीबाई अस्वलिणीने वाटीभर पाण्यात खायचा सोडा ढवळला. "घ्या महाराज. पोटात आम्ल वाढलंय. सोडा गेला की जळजळ शांत."

"थांबा!" चंचूशास्त्री पंख पसरून मध्ये आला. "प्रकार जाहीर व्हायचाय!"

त्याने फळ्यावर झरझर समीकरण लिहिलं. आम्ल अधिक सोडा, मग बाण, मग मीठ अधिक पाणी अधिक वायू. दोन्ही बाजूंचे अणू मोजले. जुळले! आनंदाने त्याने एक गिरकी घेतली आणि ओरडला, "दुहेरी विस्थापन!"

सशांनी एकच कल्ला केला. "पुन्हा? धरणासाठी उठवलंत, रस्त्यासाठी उठवलंत, आता महाराजांच्या पोटासाठी?"

"अहो, तुमचं नाही, आयनांचं विस्थापन! ते इवलेसे कण आपल्या जागा बदलतात."

"बिचारे आयन!" म्हातारा ससा डोळे पुसत म्हणाला. "त्यांना दुसरी जागा मिळाली का?"

"मिळाली तर! हे काय, उजवीकडे लिहिलीय."

"लिहिलेली आम्हालाही मिळाली होती."

महाराज कळवळले. "शास्त्री, याला दुसरं नाव नाही का?"

"आहे ना, महाराज! उदासिनीकरण!"

"म्हणजे औषध घेऊन मी उदास होणार?" महाराज ताडकन उठून बसले. "कुणाचा कट आहे हा?"

पहाऱ्यावरचे लांडगे पुढे सरकले. ते चंचूशास्त्रीच्या मानेकडे बघत होते. मान लांब असल्याने निवडीला भरपूर वाव होता. शास्त्रीची चोच कडकड वाजू लागली. आजवर त्याने एकही चुकीचं नाव उच्चारलं नव्हतं. त्याने डोळे घट्ट मिटले.

"चुकलो, महाराज! आनंदीकरण!"

"मग असं आधीच सांगायचं!" महाराजांनी वाटी घटाघटा रिकामी केली.

आधी गुडगुड झाली. मग असा ढेकर आला, की फळा आडवा झाला, माकडं फांद्यांवरून गळाली आणि सरहद्दीपलीकडच्या वाघाने शरण येत असल्याचा निरोप धाडला.

महाराज टाळ्या पिटत हसले. "वा! आजपासून राज्यातली प्रत्येक अभिक्रिया आनंदीकरणच. दुसरं नाव घेईल तो पिंजऱ्यात!"

शास्त्रीच्या गळ्यात हार पडला. उत्सवासाठी दरबार रंगवायचा ठरला, आणि दरबाराला चुना लावण्याचा पहिला मान अर्थातच मंत्र्याचा. हुरळलेल्या शास्त्रीने कळीच्या चुन्यावर भसकन पाणी ओतलं. चुना खदखदला, वाफा उठल्या आणि एक उकळता शिंतोडा थेट त्याच्या पायावर आला.

"शास्त्रीबुवा, भाजलं का हो?" डुलीबाई धावल्या.

उष्णता बाहेर टाकणारी संयोग अभिक्रिया! नाव अगदी चोचीच्या टोकापर्यंत आलं होतं. पण लांडगे कान टवकारून उभे होते.

"छे, छे!" डोळ्यांतून धारा गळत असताना, एका पायावर उड्या मारत तो किंचाळला, "फार... फार आनंद झालाय!"

"मग पळा ओढ्याकडे," डुलीबाई त्याच्या कानात म्हणाल्या, "आनंद जरा कमी होईल."

शास्त्री लंगडी घालत सुटला. उत्सव असाच साजरा करायचा असावा, असं समजून अख्खा दरबार त्याच्या मागे लंगडी घालत निघाला. सगळ्यात पुढे महाराज.

तात्पर्य: बाळांनो, अभिक्रियांचे सगळे प्रकार नीट पाठ करा. त्याशिवाय कोणकोणती नावं घ्यायची नाहीत, हे कळणार कसं?